भरीत विकत मिळत नाही

खेड्यात गेले की खेड्यातले जेवण मिळते, अशी समजूत बाळगणाऱ्याने एकदा भर हिवाळ्यात यावलहून सातपुड्याच्या पायथ्याने पालच्या बाजूला जावे. या भागात शेताशेतात भरताची मोठी, हिरवट-पांढरी वांगी लोंबत असतात. जळगावच्या ज्या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ती हीच. आणि त्याच बांधाला टेकून उभ्या असलेल्या हॉटेलाच्या फलकावर मात्र ‘पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन’ अशी थेट शेजारच्या राष्ट्रापर्यंत पोहोचलेली एकात्मता नांदत असते.

मी भरीत मागितले, तेव्हा पोऱ्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा गल्ल्याकडे पाहिले. मालक समजुतीच्या स्वरात म्हणाले, “भाऊ, भरीत काय, घरोघरी असते. तुम्ही पनीर घ्या, एकदम ताजे आहे.” ताजे म्हणजे सकाळच्या एस.टी.ने आलेले. फारच आग्रह धरला तर शेवभाजी मिळेल, असेही त्यांनी सांगितले, पण ते मन राखण्यासाठी.

मालकांचे चुकत होते असे मात्र म्हणवत नाही. जे शेजारच्या प्रत्येक चुलीवर फुकट शिजते, त्याला गिऱ्हाईक कोठून यावे? गावकरी हॉटेलात येतो तो घरी न मिळणारे खायला, आणि आमच्यासारखे लोक तेथे नेमके त्याच्या घरचे मागतात. जळगाव शहरात हेच भरीत हिवाळ्यात किलोवर विकले जाते. म्हणजे खेड्यातले जेवायचे तर शहरात जावे आणि शहरातले जेवायचे तर खेड्यात.

माझी ही परवड शेजारच्या पंक्चरवाल्याला पाहवली नाही. “आमच्या घरी चला,” म्हणून तो मला घेऊन गेला. ओसरीवर पाणी झाले, चहा झाला, आत बरीच कुजबुज झाली आणि धाकट्या मुलाला सायकलवर कोठेतरी पिटाळण्यात आले. पाहुण्यापुढे भाकरी कशी ठेवायची, या विवंचनेत सापडलेल्या त्या सज्जन कुटुंबाने माझ्यासाठी त्याच हॉटेलातून तेच पनीर मागवले होते.

परसात मात्र आजींनी घरच्यांसाठी पऱ्हाट्यांचा जाळ करून वांगी भाजायला घातली होती. सालींचा कोळसा होऊन आतला गर लुसलुशीत झाला, तशी त्यांनी ती सोलली, हिरव्या मिरच्या आणि लसूण यांच्याबरोबर लाकडी बडगीत ठेचली, वर कांद्याची पात आणि शेंगदाणे घातले. शेजारी कळण्याच्या भाकरी होत होत्या. ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळले की जो खमंगपणा येतो, त्यापुढे पनीरच्या रश्शाने अंग चोरून बसावे हे बरे.

मी ओसरी सोडून परसात जाऊन बसलो, तेव्हा आजींनी कपाळाला हात लावला, यजमान ओशाळले, पण मुलांनी पनीरचा असा फडशा पाडला की त्या घरात माझ्याइतकाच आनंद आणखी कोणाला झाला असेल तर तो त्यांनाच. निघताना यजमान गाडीपर्यंत आले आणि मनापासून खंतावून म्हणाले, “आज तुमचे जेवणाचे हाल झाले, भाऊ. पुढच्या वेळी आधी कळवून या, म्हणजे मंचुरियनसुद्धा सांगून ठेवतो.”