युनिट कमी झाले म्हणजे औषध लागू पडलं असं नाही

टाइप १ मधुमेहावरच्या एका लेखात ‘नव्या औषधाने इन्सुलिनचे युनिट घटले’ एवढंच दिलंय. टाइप १ च्या सुरुवातीला, हनिमून काळात (स्वादुपिंड काही दिवस पुन्हा थोडं इन्सुलिन बनवतं तेव्हा), ते औषधाविनाही घटतात. म्हणूनच औषधाच्या चाचणीत प्लासिबो गट, म्हणजे औषधासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी घेणारा गट, ठेवतात (इन्सुलिन दोन्ही गटांना चालूच असतं) आणि सी-पेप्टाइड मोजतात; शरीर स्वतः इन्सुलिन बनवतं तेव्हा सोबत हा घटक तयार होतो. त्यासाठी रात्रभर उपाशी, सकाळचं जलद इन्सुलिन न घेता, वजनाच्या किलोमागे ६ मिली, फार तर ३६० मिली ठरलेलं पेय पाजायचं आणि दोन तास ठरल्या वेळांना रक्त घ्यायचं.

गडबड होते ती नमुन्यात. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात साध्या नळीतलं रक्त बर्फाविना एसटीने लॅबला गेलं, तर सी-पेप्टाइड वाटेतच मोडतं आणि आकडा खोटा कमी येतो. बऱ्याच औषध-चाचण्यांत प्रवेशासाठी सी-पेप्टाइड लिटरमागे किमान ०.२ नॅनोमोल असण्याची अट असते, म्हणजे पात्र लेकरू विनाकारण बाहेर! ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारं रसायन असलेली), लगेच सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून प्लाझ्मा वेगळा करणं आणि तो गोठवणं, एवढा आग्रह धराच.

दुसरं, वेळ. बॅरिसिटिनिब या औषधाच्या ऑस्ट्रेलियातल्या टाइप १ चाचणीत निदानापासून १०० दिवसांची मर्यादा होती. धुळे-नंदुरबारच्या पालकांनी जीएडी अँटिबॉडी (टाइप १ ची खात्री करणारी रक्ततपासणी) पहिल्याच महिन्यात करून घ्यावी आणि औषध-चाचणीचा सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक विचारावा. इन्सुलिन बंद करायला सांगणाऱ्याच्या दारात पाऊलही ठेवू नये.