ब्लूबेलच्या रानातून कासकडे बघताना

आमच्या सातारच्या फॅमिली ग्रुपवर मी परवा इंग्लंडच्या रानात फुलणाऱ्या ब्लूबेल या निळ्या फुलांचे फोटो टाकले तर मावसभावाने, दादाने, लगेच लिहिलं, "तिकडच्या लोकांना शिस्त आहे रे, आपल्या कासला परत जाळीच मारली पाहिजे." कास म्हणजे साताऱ्याजवळचं फुलांचं पठार, तिथे आधी कुंपणाची जाळी होती. मला हे अजिबात पटलेलं नाही आणि ग्रुपवर दोन ओळीत सांगून होणार नाही म्हणून इथे लिहितोय.

लंडनहून ट्रेनने ट्रिंगला उतरलो, ऑल्डबरी गावातून चढ चढून ॲशरिजच्या रानात शिरलो. एप्रिल संपत आलेला, बीचच्या झाडांना नुकती पालवी फुटलेली आणि खाली नजर जाईल तिथवर निळंजांभळं. वरची पानं दाट झाली की खाली ऊन पोचत नाही, त्यामुळे जे काय फुलायचं ते या थोड्या आठवड्यांतच. खाली बसून एक दांडा नीट बघितला, शेंड्याला वाकलेला, सगळ्या घंटा एकाच बाजूला लोंबणाऱ्या, आत परागकण सायीच्या रंगाचे. बागांमधून पसरलेली ब्लूबेलची स्पॅनिश जात ताठ उभी असते, वासही जवळपास नसतो तिला. या रानातल्या मूळच्या जातीचा वास मंद, गोड.

आता शिस्तीचं. वाटेपासून चार पावलांवर फोटोसाठी बसून बसून पार सपाट केलेली जागा मी तिथेच बघितली. पानं चिरडली की कंदाला अन्न मिळत नाही, आणि बी रुजून फूल यायला पाच-सात वर्षं जातात. म्हणजे माणसं इकडची पण तशीच आहेत ना! पण वाट ठळक आहे, कडेला ओंडके टाकलेत, ॲशरिजमधल्याच डॉकी वुड या रानात फुलांच्या वीकेंडना तिकीट लावत आलेत आणि जमीनमालकाला न विचारता रानातला कंद उपटणं १९८१ च्या इथल्या कायद्याने गुन्हा आहे. शेतातून जाणारी सार्वजनिक पायवाट असेल तर शेतकऱ्याला नांगरट झाल्यावर ती परत मोकळी करून द्यावी लागते, पीक उभं असलं तरी. चालायला हक्काची वाट असली की माणूस फुलांत कशाला घुसेल?

पुढे आयव्हिंगो बीकनच्या खडूच्या टेकड्यांवर गेलो तर तिथे मेंढ्या चरत होत्या, आणि मला एकदम कासच आठवलं. इथे मेंढ्या मुद्दाम चारतात, गवत आखूड राहिलं तरच काउस्लिपसारखी बुटकी पिवळी फुलं टिकतात. कासला जाळी मारली, गुरं आत जायची थांबली आणि गवत माजून फुलं कमी झाली असं गावकरी आणि काही अभ्यासक सांगत होते, शेवटी ती जाळी काढली. मग परत तीच मागणी कशाला? तिकीट असू दे, रोजच्या माणसांवर मर्यादा असू दे, पण पठारावर ठरलेल्या वाटा नीट आखा आणि राखणीचं काम कास, आटाळी, एकीवच्या लोकांकडेच राहू द्या, गुरं कधी कुठे चारायची हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार.

दादा, सप्टेंबरात मी येतोय. मधल्या वारचं बुकिंग करून ठेव, शनिवार-रविवार नको.