‘सिबिल लॉक’चा तो मेसेज पुढे पाठवू नका

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली की गोव्यात कर्जाच्या जाहिराती वाढतात आणि त्यांच्यासोबत कर्जाबद्दलच्या अफवाही. यंदा फिरणारा मेसेज लांबलचक आहे. त्यात म्हटलंय की बँका आपली सिबिल फाइल, म्हणजे आपल्या कर्जांची आणि त्यांच्या फेडीची नोंद, कुठेही खूण न ठेवता हवी तेव्हा उघडतात. प्रत्येक वेळी उघडली की आपली पत दाखवणारा स्कोअर वीस गुणांनी उतरतो. आपण स्वतः उघडली तरी उतरतो, म्हणून कधीच बघू नका. त्या फाइलमधून आपल्या ठेवीही बँकांना दिसतात, तेव्हा पैसे काढून घ्या. आणि शेवटी, ४९९ रुपये भरून खाली दिलेल्या नंबरवर पॅन, आधार आणि आलेला ओटीपी पाठवला की फाइल कायमची ‘लॉक’ होते.

मी फोंड्याला लोकांचे कर्जाचे आणि आयकराचे कागद करून देतो. असले मेसेज रोज येतात आणि मी सोडून देतो. हा सोडला नाही, कारण डिचोलीला राहणाऱ्या माझ्या मावशीने तो खरा मानला. घराचं छप्पर दुरुस्त करायला तिला कर्ज हवं होतं. बँकेतल्या बाईंनी आधी स्वतःचा रिपोर्ट काढून बघा असं नीट सांगितलं, तर ती म्हणाली, बघितला की मार्क जातात. वर पॅनकार्डाचा फोटो काढून तो पाठवायच्या बेतात होती. सुनेने फोन हातातून घेतला म्हणून वाचली.

सगळ्यात घातक भाग शेवटचा आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पॅन, आधार, जन्मतारीख आणि ओटीपी. मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून एखाद्याच्या नावावर छोटं कर्ज उचलायला बहुतेक वेळा लागतं ते हेच. म्हणजे कुणी तुमची फाइल चोरून उघडील या भीतीपोटी तुम्ही ती उघडण्याचं सगळं साहित्य एका अनोळखी माणसाच्या हातात देताय. मेसेजमध्ये ना कंपनीचं नाव आहे ना पत्ता, फक्त एक मोबाइल नंबर. भारतात पतमाहिती ठेवण्याचा परवाना रिझर्व्ह बँकेने चारच कंपन्यांना दिलाय: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. आपण सरसकट ‘सिबिल’ म्हणतो, पण बँक या चारांपैकी कुणाकडूनही अहवाल मागवू शकते. मग तो व्हॉट्सअ‍ॅपवाला नेमकं काय लॉक करणार आहे? या चारांपैकी एकाही कंपनीच्या कारभारात त्याचा हात नाही. ४९९ रुपये गेले तर गेले, पण त्या कागदांवर कर्ज निघालं आणि हप्ते थकले, तर आज जो स्कोअर वाचवायला निघालात तो खरोखरच कोसळेल आणि तो सावरायला पुढे फार खटपट करावी लागेल.

आता ‘खूण न ठेवता’ या दाव्याकडे येतो. लोकांना सगळ्यात जास्त पटलेला हाच आहे आणि यातच थोडं तथ्य आहे.

कर्जासाठी किंवा क्रेडिट कार्डासाठी अर्ज केला की बँक अहवाल मागवते. त्याची नोंद अहवालात ‘एन्क्वायरी’ म्हणजे चौकशी या भागात होते. कोणत्या संस्थेने मागवला, कधी, कशा प्रकारच्या कर्जासाठी आणि किती रकमेच्या, हे सगळं तिथे छापलेलं असतं. पुढे अहवाल मागवणाऱ्या बँकेला ही चौकशी दिसते आणि तुम्हालाही दिसते. म्हणजे खूण राहते, तीही ठळक. त्यात २६ ऑक्टोबर २०२३ ला रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून पतमाहिती कंपन्यांना बजावलं की एखाद्या संस्थेने ग्राहकाचा अहवाल काढला तर ग्राहकाला एसएमएस किंवा ईमेलने कळवा. तयारीसाठी सहा महिने दिले होते, म्हणजे एप्रिल २०२४ पासून हे बंधनकारक झालं. ज्यांचा नोंदवलेला मोबाइल नंबर जुना आहे, त्यांना तो एसएमएस येत नाही. आमच्याकडे येणाऱ्यांत असे कितीतरी असतात. नवरा बोटीवर नोकरीला असताना त्याचा नंबर दिलेला, तो कधीच बंद पडलेला, आणि बायको म्हणते मला काहीच कळवलं नाही. बँकेत जाऊन नंबर बदलून घ्या.

तथ्याचा भाग असा. ज्या बँकेचं कर्ज किंवा कार्ड तुमच्याकडे आधीपासून आहे, ती अधूनमधून आपल्या ग्राहकांच्या फाइली तपासते. हा माणूस दुसरीकडे हप्ते थकवतोय का, याला आणखी कर्ज देता येईल का, हे तिला बघायचं असतं. ‘तुमच्यासाठी पाच लाखांचं कर्ज मंजूर’ असे मेसेज अशाच तपासणीतून येतात. ही तपासणी इतर बँकांना दिसत नाही आणि स्कोअरमध्ये धरली जात नाही. आणि रिझर्व्ह बँकेने सक्तीचा केलेला इशाराही फक्त अहवालात दिसणाऱ्या चौकशीपुरता आहे, त्यामुळे या तपासणीचा एसएमएस येत नाही. तेव्हा ‘ग्राहकाला न कळता बघतात’ एवढं वाक्य घेतलं तर ते खरं आहे, मला मान्य करावं लागतं. परवानगी आपण कर्जाच्या कागदांवर सही करताना दिलेली असते, पण ती बारीक अक्षरांतली पानं कोण वाचतो? माझं स्पष्ट मत आहे की या तपासणीचीही माहिती ग्राहकाला मिळायला हवी, निदान वर्षातून एकदा, कोणत्या संस्थेने किती वेळा बघितलं याची यादी तरी.

पण एवढ्यावरून ‘कुठेही खूण नाही’ असं ठरत नाही. बँक त्या कंपनीची सभासद असते, स्वतःच्या ओळखीने आत शिरते आणि कोणी काय मागवलं हे कंपनीच्या यंत्रणेत राहतं. २००५ च्या पतमाहिती कंपनी कायद्याचं कलम २२ अनधिकृत प्रवेशाबद्दलच आहे. प्रत्येक गुन्ह्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड, आणि तो चालूच राहिला तर दिवसाला दहा हजारांपर्यंत. बँकेतला ओळखीचा कारकून शेजाऱ्याची फाइल गंमत म्हणून उघडत असेल तर तो या कलमात येतो. असं कुठे होतच नाही असं मी म्हणणार नाही. झालं तर दाद मागायची जागा आहे, एवढंच सांगतो.

एन्क्वायरीच्या यादीत अनोळखी नाव दिसलं की लगेच ओरडू नका, ही एक गोष्ट मात्र आपल्याकडच्या लोकांना मुद्दाम सांगायला हवी. गोव्यात सहकारी बँकांतून कर्ज काढताना जामीनदार लागतात आणि आपण चुलतभावासाठी, शेजाऱ्यासाठी डोळे झाकून सही करतो. बँक जामीनदाराचाही अहवाल मागवते आणि ते कर्ज जामीनदार म्हणून तुमच्याही फाइलवर चढतं. चौकशी चोरून झालेली नसते. तुम्हीच सही केलेली असते आणि विसरलेले असता. मूळ कर्जदाराने हप्ते थकवले तर त्याचा त्रास तुम्हालाही होतो.

प्रत्येक वेळी वीस गुण? असा कुठलाही ठरलेला आकडा नाही. स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो आणि त्यात मोठा वाटा वेळेवर फेडण्याचा आणि कार्डाची मर्यादा किती वापरता याचा. एका महिन्यात पाच ठिकाणी अर्ज टाकले तर हा माणूस पैशासाठी धावतोय असं दिसतं आणि स्कोअर थोडा खाली येतो, हे खरं. स्वतःचा अहवाल स्वतः काढला तर एकही गुण जात नाही. रोज काढला तरी जात नाही.

आणि ‘बघू नका’ या सल्ल्याने खरं नुकसान कसं होतं ते मावशीच्या बाबतीत दिसलं. सुनेने नंतर अधिकृत वेबसाइटवरून तिचा रिपोर्ट काढला. एका बँकेचं कर्ज तिने कधीच फेडलंय, कर्ज फिटल्याचा दाखला (एनओसी) घरात फायलीत आहे, आणि रिपोर्टमध्ये ते अजून चालू, वर थकबाकी दाखवलेली. ती न बघता बँकेत गेली असती तर अर्ज नाकारला गेला असता आणि तिने दोष दिला असता तो त्या चोरून बघणाऱ्यांना. चुकीची माहिती हा आपल्याकडचा मोठा रोग आहे. जून २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने चारही पतमाहिती कंपन्यांना मिळून सुमारे एक कोटी रुपयांचा दंड केला, तो नियमांच्या पालनात कसूर केली म्हणून, आणि त्यात माहिती अचूक न ठेवण्याचाही ठपका होता.

चूक दुरुस्त करायला आता मुदत आहे. तक्रार केल्यावर ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. त्यातले पहिले २१ दिवस बँकेचे: तेवढ्यात तिने दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई तिने द्यायची. तिने पाठवली आणि कंपनी बसून राहिली तर कंपनीने. हेही रिझर्व्ह बँकेने २६ ऑक्टोबर २०२३ लाच ठरवलं. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. सप्टेंबर २०२२ पासून पतमाहिती कंपन्याही त्याच्या कक्षेत आहेत आणि तक्रारीला पैसे पडत नाहीत. चारही कंपन्यांकडून प्रत्येकी वर्षाला एक पूर्ण अहवाल फुकट मिळतो, २०१७ पासून. फक्त तो कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवरून घ्या. ‘मोफत स्कोअर’ दाखवणारी अ‍ॅपं तुमची फाइल बघायची परवानगी तुमच्याकडूनच घेतात आणि मग कर्जाचे फोन सुरू होतात.

ठेवींचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. पतअहवालात कर्जं आणि क्रेडिट कार्डं असतात. बचत खात्यातली शिल्लक, मुदत ठेव यांतलं काहीही नसतं. म्हणजे तिथून ठेवी दिसण्याचा प्रश्नच येत नाही. तरीही हा भाग लिहिणाऱ्याला आपली दुखरी नस माहीत आहे. म्हापसा अर्बन या सहकारी बँकेचा परवाना एप्रिल २०२० मध्ये गेला, मडगाव अर्बनचा जुलै २०२१ मध्ये, आणि त्याआधी पैसे काढण्यावर निर्बंध असताना म्हातारी माणसं बँकेच्या दारात उभी राहिलेली गोव्याने पाहिली आहेत. त्या भीतीवर बोट ठेवून कुणाला ठेव मोडायला लावणं हे पाप आहे. बँकेच्या तब्येतीची काळजी असेल तर ती वेगळी गोष्ट. बँक बुडाली तर मिळणारा ठेव विमा एका बँकेत माणशी पाच लाखांपर्यंत आहे, तेवढं धरून ठेवी वाटून ठेवा.

ज्यांनी त्या नंबरवर कागद पाठवलेच आहेत, त्यांनी लाजेने गप्प बसू नये. १९३० या सायबर गुन्ह्यांच्या क्रमांकावर आजच फोन करा, बँकेला कळवा, आणि चारही कंपन्यांचे अहवाल काढून न घेतलेलं कर्ज किंवा न केलेला अर्ज दिसतो का ते बघा. काही नसलं तरी महिना-दोन महिन्यांनी पुन्हा बघा. बँका आणि वित्तसंस्था २०२५ पासून निदान पंधरवड्याला माहिती पाठवतात, तेव्हा आज उचललेलं कर्ज आजच्या अहवालात दिसेलच असं नाही.