विद्यापीठ परागंदा झाल्यास घ्यावयाची दक्षता

एखाद्या वसाहतीतल्या विद्यापीठाचा कारभार आपल्या हाती आला आणि पाठोपाठ शत्रूही दारात आला, तर गांगरून न जाता ब्रिटिश वसाहत असलेल्या हाँगकाँगच्या विद्यापीठाचा कित्ता गिरवावा.

मुळात विद्यापीठ स्वतःच्या पैशाने काढूच नये. मुंबईचे पारशी व्यापारी होर्मसजी नवरोजी मोदी यांनी इमारतीसाठी दीड लाख डॉलर देऊ केले, म्हणून 1912 साली तेथे वर्ग भरले. साम्राज्याने आशीर्वाद सढळ हाताने दिले, पैशाचा विषय निघाल्यावर मात्र लंडनने हात आखडता घेतला. ही सवय एकदा अंगवळणी पडली की युद्धकाळ फारसा जड जात नाही.

25 डिसेंबर 1941 रोजी हाँगकाँगने जपानपुढे शरणागती पत्करली. अशा वेळी प्रथम पदव्या उरकून घ्याव्यात. 1942 उजाडताच शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना युद्धकालीन पदव्या देण्यात आल्या, कारण शहर गेले तरी चालते, फाइल अर्धवट राहता कामा नये. कुलगुरू डंकन स्लॉस यांच्यासह अनेक प्राध्यापक हाँगकाँगमधल्याच स्टॅन्ली येथील जपानी छावणीत स्थानबद्ध झाले आणि तेथे अर्धपोटी राहूनही विद्यापीठाच्या भवितव्याचा विचार करीत राहिले. बाहेर मुख्य इमारतीचे छप्पर, दारे आणि जमिनीच्या फळ्या लोकांनी उचकटून नेल्या.

राहता राहिले विद्यार्थी. ते आपल्याहून अडचणीत असलेल्याच्या पदरात घालावेत. प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक गॉर्डन किंग निसटून मुक्त चीनमध्ये, म्हणजे जपानच्या हाती न लागलेल्या भागात, पोहोचले आणि त्यांनी खटपट करून शेकडो विद्यार्थ्यांची सोय लावली (अशी माणसे अंदाजपत्रकात कोठेच दाखवावी लागत नाहीत, हा त्यांचा मोठा गुण). त्यांना सामावून घेतले ते चिनी विद्यापीठांनी, ज्यांतली कितीतरी स्वतःच जपानी फौजांपुढे पाठीवर बिऱ्हाड घेऊन पश्चिमेकडे आली होती, आणि ज्यांचे सरकारही राजधानी नानकिंग सोडून चुंगकिंगला येऊन राहिले होते.

आपण फक्त मदतीची रक्कम मंजूर करावी आणि तिचा हिशेब सरकारी विनिमयदराने मांडावा. त्या दराने एका अमेरिकन डॉलरचे 20 चिनी डॉलर होत. काळ्या बाजारात तेच पुढे शेकड्यांनी मिळू लागले आणि तांदळाचे भाव काळ्या बाजाराचे ऐकत, सरकारचे नव्हे. त्यामुळे कागदावर सुखवस्तू दिसणाऱ्या विद्यार्थ्याने भूक लागल्याची तक्रार केल्यास त्याला कागद दाखवावा.

युद्ध जिंकल्यावर घाईघाईने वर्ग उघडू नयेत. लंडनने 1946 साली केले त्याप्रमाणे, विद्यापीठ पुन्हा सुरू करावे की नाही यावर आधी समिती बसवावी, आणि तिचा अहवाल हाती पडेपर्यंत छपराचा खर्च कोणाच्याही नावे टाकू नये.