क्लास लावून देता, कागदांचं काय?

निकाल लागले की नागपुरात मदतीला ऊत येतो. कुणी वह्या वाटतं, कुणी वस्तीत मोफत शिकवणी काढतं, कुणी गुणवंताला हार घालून फोटो टाकतं. (फोटोत हार घालणाराच जास्त दिसतो, ते सोडा.) शिकवणी हवीच. पण उत्तर नागपूर, कळमना भागातल्या पोरांसोबत राहून माझं मत पक्कं झालंय: ही पोरं सीईटीच्या गणितात अडकतात त्याहून जास्त कागदांत अडकतात.

व्हॅलिडिटीचंच घ्या. इंजिनिअरिंगच्या राखीव जागेला नुसता जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते मुदतीत आलं नाही तर पोरगं खुल्या प्रवर्गात ढकललं जातं. त्यासाठी पुरावा मागतात जुना: एससी असाल तर 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा, ओबीसी असाल तर 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा. आता ज्याचा आजा शाळेची पायरीच चढला नाही, त्याने आज्याची टीसी (शाळा सोडल्याचा दाखला) आणायची कुठून?

मग उरते कोतवाल बुकाची, म्हणजे गावातल्या जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीची नक्कल. एका मुलीच्या घरच्यांसोबत त्यासाठी उमरेडला गेलो होतो. तिची आई कळमना मार्केटात मिरच्यांचे देठ खुडते. तहसीलच्या प्रत्येक चकरेला तिची रोजी बुडायची. नोंद सापडली. पण त्या जुन्या नोंदीत बाळाचं नावच नाही. नुसतं ‘मुलगा’, पुढे बापाचं नाव आणि जात. बापाचं नाव तिथे ‘नामा’, बाकी कागदांवर ‘नामदेव’. म्हणजे आता शपथपत्र, वंशावळ, पुन्हा चकरा. आणि हे सगळं बारावीच्या ऐन फेब्रुवारीत! पोरगी म्हणाली, “सर, हे अकरावीतच काहून नाही सांगितलं कोनी?”

योजना नाहीत असं कुठाय? ओबीसी, भटक्या-विमुक्त मुलांसाठीच्या ‘महाज्योती’ या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे, जेईई-नीट-सीईटीच्या तयारीला टॅब देतात. पण अर्जालाच नॉन क्रीमी लेयर, म्हणजे घर सधन गटात मोडत नाही असं प्रमाणपत्र लागतं. 2024 पासून 8 लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणाचा प्रवर्ग) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. तिथेही तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आधी. आणि सेतू केंद्रातली जूनची रांग ज्याने पाहिली, त्याला वेगळं सांगायला नको.

म्हणून माझं म्हणणं, अकरावीचा प्रवेश झाला की पहिल्याच महिन्यात प्रत्येक पोराची फाईल उघडा. यात मोटिव्हेशनल स्पीकरपेक्षा एक रिटायर्ड तलाठी दहापट कामाचा. कोणती नोंद कोणत्या गठ्ठ्यात असते, हे त्यालाच ठाऊक.

उमरेड, कुही, भिवापूरकडच्या जुन्या नोंदी वाचता येणारे कुणी काका ओळखीत असतील तर इनबॉक्समध्ये कळवा. जाण्यायेण्याचा खर्च आमचा, तर्री पोहेही आमच्याकडून.