तुमचा डेटा खराब नव्हता

नमस्कार,

आमच्या टूलला एकच तारा देऊन तुम्ही परीक्षणात लिहिलंय की मजकुराच्या कॉलममधून नकाशावरचे बिंदू करायला गेलात, तर पॅरिसमधली ठिकाणं हिंदी महासागरात दिसली. बऱ्याच ओळी आफ्रिकेजवळ एकाच जागी गोळा झाल्या आणि सपोर्टने 'डेटाच खराब आहे' म्हणून हात झटकले. तुम्ही पाठवलेली नमुना फाइल काल मी स्वतः चालवून पाहिली. सपोर्टचं उत्तर चुकीचं होतं. त्यात तुमचे दोन दिवस गेले, त्याबद्दल मनापासून माफी मागतो.

आयफेल टॉवरची ओळ घ्या: '४८.८५८४, २.२९४५'. आपण बोलतानाही अक्षांश आधी म्हणतो, फाइलमध्येही तसंच आहे. आमचं पॉइंट फंक्शन, म्हणजे दोन आकड्यांपासून बिंदू बनवणारी आज्ञा, मात्र रेखांश आधी मागतं. जिओजेसन या नकाशाच्या डेटाच्या फाइल-प्रकाराचा क्रम तोच आहे, पोस्टजीआयएस आणि बिगक्वेरी या डेटाबेस प्रणालींची बिंदू बनवणारी फंक्शन्सही तशीच चालतात. उलट मायएसक्यूएल ८ या डेटाबेसमध्ये ४३२६ हा एसआरआयडी (अक्षांश-रेखांशाची पद्धत सांगणारा क्रमांक) दिला, की मजकुरात अक्षांश आधी धरला जातो. अशा गोंधळात वापरणाऱ्याला दोष कसा देणार? आकडे आहेत तसे दिले की टॉवर सोमालियाच्या पूर्वेला भर समुद्रात जातो, आणि एररही येत नाही, कारण ४८ हा रेखांश म्हणून चालतो आणि २ हा अक्षांश म्हणून.

टूलने क्रम आपोआप ओळखावा, ही तुमची सूचना मात्र मला पटत नाही. ९० च्या पुढचा आकडा अक्षांश असू शकत नाही, एवढंच टूलला खात्रीने कळतं. तुमच्या एकाही ओळीत तसा आकडा नाही. टूलने अंदाज बांधला आणि तो चुकला, तर ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. म्हणून आता टूल आधी काही बिंदू नकाशावर दाखवून क्रम तुम्हालाच विचारतं.

आफ्रिकेजवळचा ढीग ही सर्वस्वी आमची चूक. रिकामी ओळ, 'माहीत नाही' असा शेरा, अंशाचं चिन्ह, यातलं काहीही आकड्यात बदलता आलं नाही की आमचं टूल गुपचूप शून्य भरत होतं. शून्य-शून्य ही गिनीच्या आखातातली खरी जागा आहे, त्यामुळे अंतरं आणि सरासऱ्या सगळ्याच बिघडतात. हे आम्ही कधीच करायला नको होतं. आता तिथे नल, म्हणजे 'मूल्य नाही' अशी खूण, येतो आणि शेजारच्या कॉलममध्ये मूळ मजकूर व अडल्याचं कारण दिसतं.

सपोर्टने ४८°५१′३०″ मधली चिन्हं काढून टाकायला सांगितलं होतं. तसं कृपया करू नका. ते ४८.५१३० झालं तर ठिकाण सुमारे ३८ किलोमीटर दक्षिणेला सरकतं. ५१ ला ६० ने आणि ३० ला ३६०० ने भागून ४८ मध्ये मिळवायचं, म्हणजे ४८.८५८३ येतं. दक्षिण किंवा पश्चिम असेल तर पुढे ऋण चिन्ह.

बाकीच्या ओळींसाठी स्वल्पविरामावर तुकडे करा, कडेच्या मोकळ्या जागा काढा, दोन्ही तुकडे डबलमध्ये (दशांश आकड्यांच्या प्रकारात) बदला आणि फंक्शनला दुसरा तुकडा आधी द्या. हे सगळं करणारी, चालवून पाहिलेली क्वेरी सपोर्टकडच्या तुमच्या तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) टाकली आहे. तीन ओळी अजून अडल्यात: त्यांत एकच आकडा आहे, दुसरा तुमच्या मूळ नोंदीतूनच शोधावा लागेल.