‘पोलिसी खाक्या’ म्हणणाऱ्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

विद्यार्थ्यांच्या लॅब खात्यांतल्या फायली एकमेकांना वाचता येऊ नयेत, असं सांगणाऱ्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : ‘हा पोलिसी खाक्या आहे. मुलांच्या फायली एकमेकांना उघड्या असू द्या, एकमेकांचं पाहूनच ती शिकतात. एसीएलचा [एकेका व्यक्तीला वेगळी परवानगी देण्याची सोय] पत्ता नाही, गटप्रकल्पांबद्दल चकार शब्द नाही. लेखकाने सर्व्हर कधी चालवला आहे का?’

मत पटलं नाही, हे समजू शकतो. पण ओळखपाळख नसताना माणसाची लायकी काढायची, ही कुठली रीत? कॉलेजच्या लॅबचा लिनक्स सर्व्हर मी कित्येक वर्षं सांभाळला आहे. सबमिशनच्या आदल्या रात्री कोटा (डिस्कवरची वाट्याची जागा) भरला म्हणून फाइल सेव्ह होत नाही, असे रडकुंडीला आलेले फोन मी घेतले आहेत. तेव्हा तो प्रश्न तुमच्याजवळच ठेवा.

आता ‘पाहूनच शिकतात’ याविषयी. मित्राला ‘तुझा कोड दाखव’ म्हणण्यात त्याचा होकार असतो. परवानगीचे तीन आकडे अनुक्रमे मालक, गट आणि इतर यांचे असतात; वाचणं ४, लिहिणं २, फोल्डरमध्ये शिरणं १. होम डिरेक्टरी (मुलाचं स्वतःचं फोल्डर) ७५५ आणि यूमास्क, म्हणजे नव्या फाइलच्या कोणत्या परवानग्या काढायच्या ते सांगणारा आकडा, ०२२ असेल, तर नवी फाइल ६४४ होते, म्हणजे सगळ्यांना वाचता येते. मालकाला न विचारता कुणीही ती वाचावी आणि उचलावी. मग दोन सारख्या असाइनमेंट निघतात आणि चौकशीला दोघांनाही बसावं लागतं. स्वतः रात्र जागून लिहिलेला कोड आपलाच आहे, हे सिद्ध करता न आलेली मुलगी मी पाहिली आहे. फाइलवरच्या तारखेचा आधार नव्हता, कारण आपल्या फाइलवरची तारीख ‘टच’ कमांडने कुणालाही बदलता येते. याला तुम्ही शिकणं म्हणता?

सबमिशन फोल्डरचंही तेच. मुलांना लिहायची आणि आत शिरायची परवानगी दिली, यादी बघायची दिली नाही, की झालं असं अनेकांना वाटतं. पण फाइलचं नाव रोल नंबरवरून ठरतं! नाव माहीत असल्यावर यादी लागते कशाला? ६४४ असलेली फाइल सरळ उघडते. म्हणून फोल्डर शिक्षकांच्या गटाचं करून त्याला ३७७३ द्या, असं मी लिहिलं होतं. यातला पहिला ३ म्हणजे सेटजीआयडी आणि स्टिकी बिट या दोन खास खुणा. सेटजीआयडीमुळे नव्या फाइलला फोल्डरचा, म्हणजे शिक्षकांचा गट लागतो, स्टिकी बिटमुळे दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही, आणि यूमास्क ०२७ असला की फाइल ६४० होते. शिक्षकांना वाचता येते, वर्गमित्रांना नाही. फक्त फाइल कॉपी करायची, मूव्ह केली तर जुनाच गट राहतो. हे सगळं लेखात आहे. तुम्ही तिथपर्यंत वाचलेलं दिसत नाही.

एसीएलचा मुद्दा मात्र रास्त आहे. एखाद्याच सहायकाला एकाच फोल्डरची परवानगी द्यायची, तर एसीएल लावणारी ‘सेटफॅसल’ (setfacl) कमांड सोयीची पडते. तेवढी ओळ लेखात घालतो. गटप्रकल्पांसाठी वेगळा युनिक्स गट करावा. त्यावर लांबण लावण्यासारखं काही नाही.

पुन्हा जरूर लिहा. लायकी काढणारं वाक्य असलं, तर प्रतिक्रिया प्रसिद्ध करणार नाही.